घड्याळजींची तारीख

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. मूठ लाकडाची, सांगाडा पितळेचा आणि पोटात तीन रबरी पट्ट्या, दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची. मित्रांनो, मला घडवणाऱ्या कारागिराने माझा पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवला आणि दिवसभर तो हात न धुता मिरवला. तिथून मी एका बचत कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर आलो.

खिडकीमागे जे कारकून बसत, त्यांना सगळे मर्यादाभाऊ म्हणत. कारण विचारू नका, एकदा त्यांच्यासमोर उभे राहिलात की कळलेच म्हणून समजा. टेबलावरचे पाण्याचे भांडे पुढे ओढून ते समजावू लागत. "हे भांडं म्हणजे तुमची वर्षाची करमाफ मर्यादा, वर्षाला एवढेच पैसे कर न लागता साठवता येतात. भांडं एकच, पेले कितीही. रोखीच्या खात्यात ओता, शेअरच्या खात्यात ओता, घरासाठीच्या खात्यात ओता. घराच्या पेल्याला मात्र रेघ आहे, तिच्यावर ओतायचं नाही. लेकराचं भांडं वेगळं. आणि वर्ष संपलं की तळाशी राहिलेलं पाणी फुकट. पुढच्या वर्षी चालत नाही." एका बेकरीवाल्याने तीन खाती म्हणजे तीन मर्यादा असे धरून तिन्ही काठोकाठ भरली होती. त्याला समजावताना भाऊंनी भांडे खरेच ओतले. टेबल भिजले, बेकरीवाल्याची विजार भिजली, पण नियम त्याच्या डोक्यात बसला.

बचत वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्याकडे नुसती लगीनघाई. त्या दिवशी माझा भाव काय सांगू! पैसा या वर्षाच्या मर्यादेत बसणार की पुढच्या, हे माझ्या ठशावर ठरायचे. लोक श्वास रोखून माझ्याकडे बघत आणि मी ठणकन उतरलो की हसत. मला फार अभिमान वाटायचा.

याच दिवशी दर वर्षी एक जोडपे येई. यजमान घड्याळे दुरुस्त करत, म्हणून सगळ्यांचे घड्याळजी. त्यांच्या पत्नी शिवणकाम करत, त्यांना भाऊ 'वहिनी' म्हणत. घड्याळजी खिडकीच्या कट्ट्यावर डावे कोपर टेकवून उभे राहत.

"भाऊ, हिची मर्यादा भरली. माझ्यातली थोडी द्या की हिला, उसनी."

"घड्याळजी, एका ताटात जेवा, पण मर्यादा माणशी एक. बायकोला देता येत नाही."

"बघ, सगळं तुला दिलं, हेच तेवढं राहिलं," असे ते वहिनींना म्हणत, आणि वहिनी दर वर्षी तितक्याच लाजत.

शेवटच्या वर्षी आले तेव्हा त्यांनी पैसे भरून झाल्यावर पैसे भरायच्या दहा कोऱ्या स्लिपा मागून घेतल्या. "हात थरथरायला लागलेत. सही जमतेय तोवर करून ठेवतो," म्हणाले. तिथेच उभे राहून त्यांनी दहाही स्लिपांवर सह्या केल्या. दोन दिवसांनी, दुकानात एक घड्याळ उघडून बसलेले असतानाच, ते गेले. भाऊ त्यांना स्मशानात पोचवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी त्या दिवशी कुणालाच नियम समजावला नाही.

पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी वहिनी एकट्या आल्या. त्यांनी दोन स्लिपा पुढे केल्या.

"एक माझी. एक त्यांची. त्यांना यायला जमलं नाही. सही आहे."

भाऊंनी सही पाहिली. वहिनींच्या मागे रांगेत एका माणसाची जागा रिकामी होती. गर्दी असूनही तिथे कुणी उभे राहत नव्हते. भाऊंनी माझी मूठ धरली. मला वाटले, आता सांगतील. पण ते फक्त "बरं" म्हणाले आणि मला स्लिपेवर टेकवले. मेलेल्या माणसाच्या सहीखाली मी त्या दिवसाची ताजी तारीख उमटवली.

तेव्हापासून माझी झोप उडाली. कुठल्याही सहीवर उतरताना धास्ती वाटे, हा माणूस आहे ना? आणि खिडकी उघडली की कट्ट्यावरची घड्याळजींच्या कोपराची जागा मला दिसत राही. त्याच्या पुढच्या वर्षीही वहिनी आल्या, तसेच बोलल्या आणि भाऊंनी तसेच मला टेकवले. या खेपेला माझा ठसा तिरका आला.

मित्रांनो, यात नुसती चूक असती तरी एक वेळ चालले असते. माणूस गेला की त्याची मर्यादाही जाते, तो गेल्यानंतर त्याच्या नावावर भरलेले परत काढावे लागते. पण नियमात मागे राहिलेल्यासाठी एक सोय होती. जोडीदाराच्या करमाफ खात्यांत जेवढी शिल्लक असेल, तेवढी जादा मर्यादा त्याला एकदाच मिळे. अर्ज मात्र तीन वर्षांच्या आत करायचा. नाहीतर घड्याळजींनी जन्मभर वाचवलेल्या पैशावर वहिनींना दर वर्षी कर भरावा लागणार होता. शिवणकामाच्या कमाईत त्यांना ते झेपले नसते. भाऊंना हे तोंडपाठ होते. सगळ्या गावाला नियम सांगणारा माणूस, आणि हा एक नियम त्यांच्या घशातून बाहेर पडत नव्हता.

तिसऱ्या वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. पुढचे दोन दिवस कचेरीला सुट्टी होती, आणि त्यांतल्या दुसऱ्या दिवशी घड्याळजींना जाऊन तीन वर्षे पुरी होणार होती. वहिनींनी स्लिपा पुढे केल्या. भाऊंनी मला उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

"वहिनी, ही घेता येणार नाही."

"का? सही चुकली का?"

"सही बरोबर आहे. घड्याळजी नाहीत." भाऊंनी स्लिप परत सरकवली. "मागच्या दोन्ही मी घ्यायला नको होत्या. चूक माझी आहे, मी लिहून देतो. पण आजच्या आज जादा मर्यादेचा हा अर्ज भरा. सोमवारी उपयोग नाही."

वहिनींनी अर्ज जवळ ओढला. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही स्वतः पोचवायला आला होतात, भाऊ. तरी स्लिप घेतलीत. मी घरी जाऊन म्हणायचे, एवढे नियमाचे पक्के भाऊ, त्यांनी घेतली म्हणजे कुठेतरी अजून ह्यांना जिवंत धरतात."

भाऊंनी चष्मा काढला. खिडकीसमोर एवढी रांग होती, पण कुणी घाई केली नाही.

वहिनींनी अर्ज भरला. भाऊंनी माझा आजचा ठसा त्यावर मारून घेतला, म्हणजे अर्ज वेळेत आला. एकच रकाना राहिला होता, मृत्यूची तारीख. वहिनींनी तीनदा पेन टेकवले आणि तीनदा उचलले.

"माझ्या हाताने नाही लिहिता येत हो. तुम्हीच मारा ना शिक्का."

भाऊंनी माझ्या पट्ट्या फिरवायला सुरुवात केली. दिवस, महिना, मग मागे मागे एकेक वर्ष. माझे रबर म्हातारे झाले होते, पोटात काहीतरी तुटल्याचे मला कळले. पण मी उतरलो. इतका स्वच्छ ठसा मी आयुष्यात उमटवला नव्हता.

"उरलेल्या स्लिपांचं काय करू?" वहिनींनी विचारले.

"घरी ठेवा. त्याला मर्यादा नाही."

वहिनींना जादा मर्यादा मिळाली. भाऊंची चौकशी झाली, निवृत्तीच्या रकमेतून कापले गेले, आणि ते पुन्हा खिडकीवर दिसले नाहीत. माझ्या पट्ट्या परत पुढे फिरल्याच नाहीत. नवा शिक्का आला आणि मी खणात पडलो. बाहेर तारखा बदलतात, ते ठोके मला ऐकू येतात. माझ्या पोटात मात्र तोच दिवस आहे. खण कुणी उघडला की मी घाबरतो, पुन्हा तोच ठसा मारायला लावतील म्हणून. माझ्यासाठी घड्याळजी रोज आजच गेलेले असतात.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. दुःखात असलेले कुणी तुमच्यापुढे अशी स्लिप धरेल, तेव्हा "बरं" म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, हात हातात घ्या, पण खरे ते सांगा, आणि पहिल्याच वर्षी सांगा.