शर्टातला दोष

टेलरमास्तरांच्या डाव्या बरगडीवरची नागीण सुकली, खपल्या पडल्या, कातडी पूर्वीसारखी दिसू लागली आणि मग शर्ट टोचायला लागला. साधा, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती शर्ट, पण अंगाला लागला की निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. दुसरा कुणीही डॉक्टरकडे गेला असता. मास्तरांनी शर्टाला दोषी धरलं. जन्म कापडात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्यांनी आधी बगलेची शिवण उसवली. मग ती बाहेरून घेतली. मऊ अस्तर लावलं, लावलेलं काढलं, कापडवाल्याशी जाऊन भांडून आले. काडीचा फरक पडला नाही. गिऱ्हाइकांची कामं पडून आणि मालक स्वतःचाच शर्ट घेऊन मशीनवर, हे पाहून बायकोने कपाळाला हात लावला.

एक वेळ हेही चाललं असतं, पण घरात नात होती. शाळेतून आली की दप्तर भिरकावून आजोबांच्या कुशीत उडी घ्यायची, तीही नेमकी डावीकडून. आता ती धावत आली की मास्तर कटिंगच्या टेबलामागे पळायचे. दोन-चारदा असं झालं आणि तिने धावणंच सोडलं. दारातूनच "आले मी" म्हणायची आणि आत जायची. मास्तरांचा जीव तुटायचा, पण सांगणार काय? शर्ट चावतो म्हणून?

आजोबांना मी आता आवडत नाही, असं तिने आजीला सांगितलं मात्र, आजीने दुकानाचं शटर ओढलं आणि नवऱ्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं.

मास्तरांनी तिथेही शर्टाचीच हकीकत सांगितली, शिवणसुद्धा उलटून दाखवली. बाईंनी ती नीट पाहिली.

"शिवण उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "कातडी बरी झाली, आतली नस अजून दुखावलेली आहे. कापड नुसतं लागलं तरी ती भाजल्याचा निरोप धाडते. निरोप खोटा, पण दुखणं खरं."

औषध थोडंथोडं वाढवायचं होतं. आधी पेंग येईल, गुण यायला काही आठवडे लागतील, मनाने बंद करायचं नाही, अशी तंबी मिळाली. दुखणं पूर्ण जाईलच असं वचन बाईंनी दिलं नाही. अंगाला घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत बनियनने काहींना बरं वाटतं, असं मात्र त्या म्हणाल्या. चला, एक तरी काम आपल्या हातचं निघालं, म्हणून मास्तर खूश झाले.

घरी येऊन ते नातीला नस आणि निरोप समजावू लागले आणि स्वतःच घोटाळले. शेवटी शर्ट काढून टेबलावर पसरला, खडूने दुखऱ्या जागेभोवती रेघ मारली आणि पुन्हा अंगात घातला.

"ह्या रेघेच्या आत लागलं की मला दुखतं. तुझी काही चूक नाही. बाहेरचा सगळा आजोबा तुझा."

नातीने रेघ निरखली, वळसा घालून उजवीकडे आली आणि गळ्यात पडली. मास्तरांचे डोळे भरून आले. औषधाने पेंग येतेय, असं त्यांनी बायकोला सांगितलं. औषध अजून पिशवीतच होतं.

आता रोज संध्याकाळी शर्टावर नवी रेघ पडते. बऱ्या दिवशी ती आत सरकते, वाईट दिवशी बाहेर येते. कालच मास्तरांनी ती बोटभर आत घेतली. नातीने त्या नव्या मोकळ्या जागेवर हलकेच बोट टेकवलं.

"दुखतंय?"

"जरासं."

तिने बोट उचललं. "मग हे उद्या," ती म्हणाली, अगदी मास्तर गिऱ्हाइकांना सांगतात तशी, आणि उजवीकडून कुशीत शिरली.