टाचेवरचा ठिपका

रपनं बाळाची टाच काथ्यानं पुन्हा घासली. पाय लाल झाला, बाळानं टाहो फोडला, पण काळा ठिपका जरासा फिकटला, एवढंच. काल तिनं तो धुऊन काढला होता. आज दुपारी बाळाला झोळीतून उचललं, तर पुन्हा तिथंच.

“अगं, सोलतेस का पोराला?” सासूनं पानाची पिंक खालच्या कालव्यात टाकली.

“हा ठिपका बघा, आई.”

“चुलीची काजळी असेल.”

“चुलीची काजळी रोज एकाच टाचेला लागते?”

सासू चघळायची थांबली. या बंदरात सौदा ठरला की घेणारा मालावर काळा ठिपका लावतो. मग दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. चीनचं रेशीम असो, रोमची काच असो, की माणूस. मागच्या मोसमात पलीकडच्या धक्क्यावरची एक पोरगी कपाळावर ठिपका घेऊनच जहाजात चढली होती.

वारा फिरायची वाट बघत घरात दोन व्यापारी उतरले होते. चिनी रेशीमवाला बाळाकडे ढुंकूनही बघत नसे. समुद्रापलीकडच्या पैठणचा मणीवाला पुसक मात्र सारखा झोळीपाशी घुटमळे. इथली भाषा त्याला मोडकीतोडकीच येई. आणि आज सकाळीच वारा फिरला होता; जहाजं आजच सुटणार होती.

“आई, तुमच्या लेकानं त्याच्याशी काही ठरवलंय का?”

“जीभ आवर! स्वतःचं पोर विकेल तो?” मग सासूचा आवाज खाली आला. “त्या मणीवाल्यालाच विचार.”

पुसक गाठोडं घेऊन निरोपाला आला, तेव्हा रप बाळाला फडक्यात गुंडाळून दारातच उभी होती. तिनं बाळाची टाच पुढे केली.

“हे तू केलंस?”

“हो. मी.”

“पोर कुणी विकलं तुला?”

त्याला आधी उमगलं नाही. उमगलं तशी त्यानं जीभ चावली, दोन्ही कान धरले.

“विकलं नाही! पोर छान. लोक बघतात... डोळे वाईट. माझ्या घरी बायको लावते. आमच्या मुलीला.”

“केवढी आहे मुलगी?” सासूनं विचारलं.

पुसकानं हात गुडघ्याशी धरला. थांबून जरा वर नेला. मग आणखी वर, कमरेपाशी. तिथंही तो ठरेना. हवेतच चाचपडत राहिला.

खालून नावाड्यानं हाक दिली.

रपनं बाळ क्षणभर त्याच्या हातात दिलं. फडक्याचं टोक मात्र तिनं स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतलं होतं.