मे महिन्यातले फोन

"आराखड्यावर मे महिन्याची तारीख आहे, बसवंत. लीगली आपण क्लीन आहोत," एका अर्जाच्या उत्तराचा मसुदा पुढं सरकवत अभिराज साहेब म्हणाले. साहेब मूळचे पुण्याचे, बंगळुरूत नवे. खोलीत तिसरं कुणी नसलं की मराठीत बोलत.

"तारीख बरोबर हाय, सर. फोन मीच केलो नाही."

आपत्ती आली तर कुणाला बोलवायचं, याचा आराखडा दर वर्षी तपासून नवा करावा, असं कायदा सांगतो. निपाणीकडचा बसवंत जिल्हा कचेरीत हे काम एकोणीस वर्षं करत होता. मे उजाडला की यादीतला एकेक नंबर लावायचा. पलीकडून माणूस बोलल्याशिवाय नावापुढं खूण करायची नाही. घरच्या लग्नाचं आमंत्रण देतोयस काय, म्हणून बाकीचे कारकून टोमणे मारत.

या मेमध्ये मात्र त्याची बायको श्यामला अतिदक्षता विभागात होती. बसवंतनं यादीला हात लावला नाही. मुखपृष्ठावरचं साल बदललं, सही केली आणि दवाखान्यात गेला. चार दिवसांनी श्यामला गेली.

सप्टेंबरच्या पावसात तळं फुटून वस्तीत पाणी शिरलं. नियंत्रण कक्षानं यादीतल्या गुंडूला, तळ्यावरच्या नाववाल्याला, फोन लावला. तो लागला कोरमंगलातल्या कुणा मुलीला. गुंडूनं नंबर गेल्या हिवाळ्यातच बदलला होता. आरडाओरडा ऐकून तो आपणहून नाव घेऊन आला, पण तासाभरानं. तोवर अंथरुणाला खिळलेल्या विमलाबाई बुडाल्या होत्या. नाव उशिरा का आली, एवढंच त्यांच्या मुलीनं, मनस्विनीनं, अर्जात विचारलं होतं.

आराखडा वेळेत अद्ययावत केला होता, असं साहेबांच्या मसुद्यात होतं. बसवंतनं ते वाक्य खोडलं आणि नंबर तपासले नव्हते, चूक माझी, असं लिहिलं.

"कायद्यात शिक्षा आहे याला. तीन महिन्यांत रिटायर होताय तुम्ही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "निदान वहिनींचं कारण तरी लिहा."

"तिचं नाव ह्यात नको, सर."

साहेबांनी खिडकीबाहेर बघत सही केली.

उत्तर टपालानं न पाठवता बसवंत स्वतः घेऊन गेला. मनस्विनीचं घराणं तीन पिढ्या बंगळुरूत राहिलेलं, घरात मराठीच. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. तिनं उंबऱ्यातच कागद वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

"एका फोनाला किती वेळ लागतो, अण्णा?"

"मिनिटभर."

"मग का नाही केलात?"

श्यामलाचं नाव अगदी ओठावर आलं. समोरची बाई उत्तराची वाट पाहत होती.

"राहून गेलं, अक्का."

तिनं पोचवहीवर सही केली, खाली तारीख घातली, पेन त्याच्या हातात दिलं आणि दार लोटलं. आतून कडी लागेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.