झोपेत ओढणारा पाय

तुम्ही उरकुड्याच्या घरातली हवा ओढून घेतलीत. भर वैशाखात घेतलीत, दिवसाढवळ्या घेतलीत, आणि वर गार वाटलं म्हणून डोळे मिटून बसलात.

उरकुडा कचेरीच्या ओसरीत पंखा ओढायचा. आत तुमच्या डोक्यावर छताला टांगलेला तो पडद्याएवढा कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि दोरीच्या टोकाला उरकुडा. आतली खोली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. दोरी ओढली की आत वारा सुटतो, एवढंच ठाऊक. तो वारा येतो कुठून, हे त्याला बायकोनं सांगितलं.

पुनाबाई दुपारची भाकर घेऊन आली, भिंतीला टेकली.

"घरात हवा नाही राह्यली."

"म्हंजे?"

"म्हंजे नाही. चुलीचा धूर खांबावानी उभा हाय. त्याच्यावर लुगडं वाळत घातलं मी."

"वाळलं?"

"हवाच नाही तं वाळन कसं? तुम्ही इथं दोरी ओढता, तिथं माह्या छातीतून निंगते."

दोरी ओढली गेली. तिचा पदर भिंतीकडे गेला आणि पुढचा शब्द तोंडातून अर्धाच आला. उरकुड्याला पटलं. त्यानं थांबायचं ठरवलं.

पण दोरी हातात नव्हती. सगळे पंखेवाले करतात तेच त्यानं केलं होतं. ऊन चढलं की आडवं व्हायचं, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, डोळा लागला तरी पाय हलता ठेवायचा. बाकीचे सुरगाठ मारतात, ओढली की सुटणारी. झोपेत सुटली तर आतून शिव्या येतील म्हणून यानं निरगाठ मारली होती.

तो उठून बसला. पाय उठला नाही. इतकी वर्षं झोपेतच ओढून त्याला तीच सवय लागली होती. उरकुडा टक्क जागा, पाय गाढ झोपलेला, आणि झोपलेला पाय ओढत होता.

पुनाबाईनं पायावर पाणी ओतलं. चिमटे काढले. "ऊठ न बे मुडद्या," ती म्हणाली. नवऱ्याला कधी अरे न म्हणालेली बाई त्याच्या पायाला शिव्या घालत होती. पाय कूस बदलून ओढत राहिला.

इसराम पट्टेवाला बाहेर आला. "काय चाललं बे उरकुड्या?"

"घरची हवा सरली, इसरामभाऊ. दोरी काप."

"घरची सरली तं सासरची ओढ," इसराम म्हणाला. पण चाकू काढला. पातं टेकलं तिथून दोरीला रक्त आलं. उरकुडा कळवळला. इसरामनं पातं धोतराला पुसलं.

"नाही जमत. साहेबाच्या भिंतीवर उडन."

तोवर पुनाबाई लुगड्याच्या घडीएवढी पातळ झाली होती. ती भिंत धरून सरकत गेली आणि भोकाला तोंड लावलं. पंखा मागे गेला की तिला घोटभर हवा मिळे. पाय ओढी, तशी ती हवा परत आत जाई. श्वास अंगात ठरत नव्हता, पण येत होता. त्याला चुलीच्या धुराचा वास होता. आपली हवा तिनं ओळखली.

तेव्हा तुम्ही आतून बोललात. एवढंच बोललात. "भोकातून गारवा बाहेर जातोय. दोरीपुरती फट ठेवा, बाकी बुजवा."

इसरामनं माती कालवली. "वहिनी, तोंड काढा."

तिनं तोंड न काढताच मान हलवली.

"हुकूम हाय, वहिनी."

उरकुड्यानं दोन्ही हातांनी आपला पाय आवळून धरला. पायानं त्यालाच फरफटत भिंतीपाशी नेलं आणि पाय पुन्हा ओढायला लागला. इसराम ओंजळीत चिखल घेऊन उभा आहे. उन्हानं चिखल वाळतो, तो पाणी शिंपडून पुन्हा ओला करतो, आणि तुमच्या दाराकडे बघतो.

साहेब, भोकाला बाईचं तोंड आहे. बुजवायचं का? हो की नाही, तेवढं बोला.