रुपा शहाणी झाली

किन्हवलीकडच्या त्या अंगणवाडीत रुपा चावरी म्हणून गाजलेली होती. वय वर्षं चार, अंगावर मूठभर मांस, पण राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी चेंडू हिसकावला की दात रुतलेच. "जित्याची खोड, मेल्याबिगर जायची नाय," असं गाव म्हणायचं. गावाचं काय जातंय म्हणायला!

सेविका योगिनीने मात्र चार महिने चिकाटी धरली होती. राग आला की धावत यायचं आणि बाईंचा पदर दातांत धरायचा, एवढंच तिने रुपाला शिकवलं. पदराला भोकं पडली, पोरं वाचली. दिवाळीनंतर तर रुपा पदर नुसता मुठीत आवळून उभी राहायची आणि हळूहळू शांत व्हायची. योगिनीला त्याचं कोण कौतुक!

त्या सोमवारी योगिनी मोबाइलवर पोरांचे फोटो चढवत बसली होती. रेंज येईना, जीव कावलेला. रुपा थरथरत आली, तिने पदर धरला. "थांब गो जरा!" म्हणत योगिनीने तो सोडवून घेतला. लगेच मागे किंकाळी उठली. प्रज्वलच्या गालातून रक्त येत होतं.

प्रज्वलची आजी दारात उभी राहिली. "ती तरी येल, नायतर आमची पोरां तरी."

आपली चूक योगिनीने सांगितली नाही. रुपाला पंधरा दिवस घरी ठेवा, म्हणाली आणि मोकळी झाली.

रुपाची आई देवकी दिवसभर वीटभट्टीवर. घरी दुसरं माणूस नाही. तिने जुन्या लुगड्याने पोरीला खांबाला बांधलं, बाजूला भाताची ताटली ठेवली.

"पयलं लय रडली. मंग गप झाली," पंधरा दिवसांनी पोरीला आणून सोडताना ती म्हणाली. "आता तरास नाय देयाची, बाई."

खरंच दिला नाही. प्रज्वलने चेंडू ओढला, रुपाने सोडला. कुणी तिचा खाऊ उचलला, ती बघत राहिली. "सुतासारखी सरळ झाली गो!" मदतनीस बाईजा म्हणाली.  हातातोंडाशी आलेली पोर योगिनीने स्वतःच घालवली होती.

पोरं घरी गेल्यावर तिने रुपाला जवळ घेतलं आणि पदर तिच्यापुढे धरला. "धर गो. चाव, फाड, काय पन कर."

रुपाने पदराकडे पाहिलं. मग मुकाट उठली, ओट्यावरच्या खांबाला पाठ लावून बसली आणि बांधून घ्यायला दोन्ही हात पुढे केले.