खोटा ठिपका

सासऱ्यांना डब्यांचं वेड लागलं तेव्हा घरात कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरातल्या चालू वस्तू उघडून बसतो, त्यापेक्षा रानात फिरलेला बरा. खेळ तसा साधा. कुणीतरी एक डबी पुलाखाली, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या फटीत लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं. बाकीचे हातात जीपीएसचं यंत्र घेऊन ती हुडकत फिरतात. सापडली की आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि डबी होती तिथे ठेवून द्यायची. यातून मिळतं काय, असं ज्याला विचारावंसं वाटतं, त्याला ते सांगून कळत नाही. जग याला जिओकॅशिंग म्हणतं. सासरे 'डब्या' म्हणत, आणि विषय संपवत.

पण गेल्या थंडीत सासऱ्यांच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला. मग एकदा केस कापून परत येताना ते भलत्याच गल्लीत शिरले आणि शेजाऱ्यांनी घरी आणून सोडलं. तेव्हापासून घराची तऱ्हाच बदलली. ते काहीही म्हणाले की कुणीतरी हळूच दुरुस्त करायचं. मुलगा करायचा, नात करायची, आणि सगळ्यांत गोड बोलून सून करायची. सासरे आधी चिडत, मग हसत, आणि हल्ली बोलायच्या आधीच 'माझं चुकत असेल' म्हणून मोकळे होत. घरातल्यांना ही प्रगती वाटली.

सून एका गोदामात साठ्याचं काम बघायची. तिथला पहिला नियम असा की सकाळी आल्याबरोबर कालची यादी उडवायची आणि ताजी भरायची. जुन्या आकड्यांवर विसंबणारा माणूस तिथे टिकत नाही. त्यामुळे सासरे खाडीकडे जाणार म्हटल्यावर यंत्राचं काम तिनेच अंगावर घेतलं. तिकडे फोनला नेटवर्क नाही, सगळं आधी उतरवून न्यावं लागतं. सासरे दरवेळी हव्या तेवढ्या चार-दोन डब्या यंत्रात घेत. सूनबाईंना अर्धवट काम जमत नसे. तिने अख्ख्या प्रदेशाचीच माहिती मागवली. झाडून सगळ्या डब्या, त्यांच्या खुणा, लोकांचे शेरे. मध्येच पडद्यावर प्रश्न आला, जुन्या नोंदी ठेवायच्या की बदलायच्या? तिने 'सगळ्या बदला' दाबलं आणि पाणी प्यायला उठली.

सकाळी सासरे निघाले तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. तिने यंत्र त्यांच्या गळ्यात अडकवलं आणि प्रेमानेच बजावलं, "बाबा, शंका आली ना, तर यंत्राचं ऐका. डोक्याचं नको."

"बरं," सासरे म्हणाले.

दुपारी ती गोदामात असताना कोडेमास्तरांचा फोन आला. कोडेमास्तर म्हणजे सासऱ्यांचे डब्यांतले जोडीदार, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. काही डब्यांच्या मागे कोडं असतं, ते सोडवल्याशिवाय खरी जागा कळत नाही. असल्या कोड्यांवर मास्तर जगत. आज गुडघ्याने दगा दिला म्हणून ते गेले नव्हते. सासरे आले का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भरती लागली होती, पण काळजी करू नकोस, असं तेच वर सांगत होते. डबी खाडीतल्या खडकाळ टेकडीवर आहे. ओहोटीला चालत जाता येतं. उशीर झालाच तर माणूस वर बसून राहतो, टेकडी काही बुडत नाही.

"तीन महिने या डबीच्या कोड्यावर डोकं खाजवलं त्याने," मास्तर कौतुकाने म्हणाले. "सुटलं तेव्हा माझ्यासमोर खरी जागा यंत्रात घातली. वेबसाइटवरचा ठिपका काय, खोटाच असतो."



"खोटा म्हणजे?" सुनेने विचारलं.

मास्तरांनी समजावून सांगितलं. कोड्याच्या डबीचा छापील ठिपका मुद्दाम भलतीकडे टाकतात. जो सोडवेल तो आपल्या यंत्रात तो पुसून खरा भरतो. खेळणाऱ्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं.

"आणि या डबीचा खोटा ठिपका कुठे आहे?"

"कुठे असणार? खाडीच्या मधोमध, गाळात," मास्तर हसले. "तिथे कोण मरायला जातंय?"

 सुनेच्या समोरच्या पडद्यावर रोजची यादी उघडी होती आणि कोपऱ्यात तेच बटण होतं. सगळ्या बदला. तीन महिन्यांचं डोकं तिने एका बोटाने पुसून टाकलं होतं, आणि वर बजावलं होतं की डोक्याचं ऐकू नका.

सासऱ्यांना फोन लावला तर लागेना. तिने गाडीची किल्ली उचलली. साहेबांना काय सांगितलं, सांगितलं की नाही, तेही तिला नंतर आठवलं नाही.

किनाऱ्यावरच्या बचाव पथकाची एकच खोली होती. ओल्या दोरांचा वास, भिंतीवर खाडीचा मोठा नकाशा, आणि नकाशापुढे पथकाची प्रमुख, कमरेपर्यंत रबरी पोशाख चढवलेली. खिडकीबाहेर धुकं अजून उठलं नव्हतं. सुनेने वाटेतूनच फोन केला होता, म्हणून होडी तयार होती. सपाट बुडाची एकच होडी. दुसरी दुरुस्तीला गेलेली, हे ओघाने आलंच. संकट एकटं येत नाही.

मास्तर रिक्षाने लंगडत पोचले आणि आल्या आल्या नकाशावर बोट टेकवलं. टेकडी. त्यांचं म्हणणं ठाम होतं. माणसाने कोडं स्वतः सोडवलंय, जागा तोंडपाठ आहे, तो दुसरीकडे जाईलच कसा? प्रमुखाने मान डोलावली. तेवढ्यात सुनेच्या हातातल्या फोनवर नवरा आला; वाटेतच तिने त्यालाही कळवलं होतं. तो परगावी कामाला गेला होता आणि त्याचा आवाज फाटत होता.

"बाबा हल्ली विसरतात," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यांच्या आठवणीवर जाऊ नका. ते कुठेही भरकटले असतील. सगळा किनारा बघा."

प्रमुखाने दोन्ही ऐकून घेतलं. मग तिने सरळ सांगितलं की पाणी जोरात चढतंय. होडी एका वेळी एकीकडेच जाईल. टेकडीला वळसा घालून मग गाळाकडे यायचं तर तोवर गाळ उरणार नाही. आधी कुठे?

गप्प राहणं फार सोपं होतं. मास्तर शहाणे, त्यांचा शब्द मोठा. टेकडीवर सासरे सापडले नाहीत तर लोक म्हणतील, बिचारे विसरले. नवरा तर आत्ताच म्हणत होता. तिच्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नसतं. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि आला याचीच तिला शिसारी वाटली.

"ते विसरले नाहीत," ती म्हणाली. "मी पुसलं. काल मी सगळ्या प्रदेशाची माहिती नव्याने भरली. त्यांच्या यंत्रात आता छापील ठिपका आहे. ते इथे असतील." आणि तिने आपल्या फोनवर उघडलेला वेबसाइटवरचा ठिपका नकाशाशी ताडून गाळाच्या मधोमध बोट ठेवलं.

मास्तर म्हणाले, अगं, पण त्याला जागा माहीत आहे ना. यंत्र काहीही दाखवो, त्याला ठाऊक आहे टेकडी कुठे ते.

"मी त्यांना सांगितलंय, यंत्राचं ऐका म्हणून. ते माझं ऐकतात."

 प्रमुखाने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, ठिपक्याचे आकडे घेतले आणि बाहेर पडली. थोड्याच वेळात होडीचा आवाज धुक्यात विरला.

मग नुसती वाट बघणं. खोलीत एक वायरलेस होता आणि त्यातून खरखर येत होती. मास्तर खुर्चीत बसून गुडघा चोळत होते, जणू सगळा दोष त्या गुडघ्याचा. सून खिडकीशी उभी राहिली. पाणी बाहेरच्या धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं. एक पायरी दिसत होती, मग दिसेनाशी व्हायची. आपण चुकीची जागा तर सांगितली नाही ना? ते टेकडीवर असतील तर ठीकच, वाचतील. पण दोन्हीकडे नसतील तर? तिने नवस बोलून पाहिला, पण काय द्यायचं ते सुचेना.

वायरलेस खाकरला. "सापडले. छातीपर्यंत रुतलेत. शुद्धीवर आहेत. फळ्या टाकतोय."

मास्तर उठायला गेले आणि परत बसले.  बाहेर काढायला लागलेला वेळ सुनेला सगळ्या दिवसाहून मोठा वाटला.

सासऱ्यांना आणलं तेव्हा ते मानेपासून खाली एकाच रंगाचे होते. दात वाजत होते. गळ्यात यंत्र तसंच होतं, चिखलाने लडबडलेलं. चादरीत गुंडाळून त्यांना बाकावर बसवलं. ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि सगळ्यांत आधी माफी मागितली.

"सगळ्यांना त्रास दिला. टेकडी उजव्या हाताला आहे असं मला सारखं आठवत होतं. पण यंत्र डावीकडे ओढत होतं. मग म्हटलं, मला आठवतंय म्हणजे ते चुकीचंच असणार."

सुनेचा बांध फुटला. रडत रडतच तिने काय केलं ते सांगितलं. अख्खा प्रदेश, तो प्रश्न, ते बटण. काही लपवलं नाही. सासरे ऐकत होते, पण रागवायचं त्यांच्या मनातच येत नव्हतं. ते कशावर तरी अडकले होते.

"म्हणजे टेकडी उजवीकडेच होती?"

"हो बाबा."

"मला बरोबर आठवत होतं?"

"अगदी बरोबर आठवत होतं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने चादरीतून चिखलाने भरलेला हात बाहेर आला आणि तिच्या फोनकडे वळला.

"हे त्याला सांग," ते म्हणाले. "माझ्यासमोर सांग."

तिने नवऱ्याला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.