खडीफोड्या म्हणून विकला गेलो

बोनेट उघडून काय बघताय? मी तिथे नाही. तिथे इंजिन असतं, क्रोमचं झाकण घातलेलं, आणि त्याच्याभोवती पोट सुटलेले चार बाप्ये हाताची घडी घालून उभे असतात. मी खाली असतो, गाडीच्या पोटाशी, तेलानं माखलेला. मी गिअरबॉक्स बोलतोय. चार गिअरचा, हातानं बदलायचा. चालत होतो तोवर मला वाकून बघण्याची तसदी कुणी घेतली नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे एकाच साच्यातून दोन प्रकारची भावंडं निघायची. एकाचे दात जाड आणि जवळजवळ सरळ कापलेले. तो मोठ्या इंजिनांसाठी. सरळ दातांमुळे चालताना तो घुमतो, ओरडतो. अमेरिकेतल्या आमच्या इंडियानात त्याला सगळे खडीफोड्या म्हणतात आणि नाव घेताना आदरानं आवाज खाली आणतात. दुसरा मी. माझे दात तिरके, नाजूक, बायकामुलांना घेऊन चर्चला जाणाऱ्या साध्या गाडीसाठी केलेले. बाहेरून आम्ही सख्खे भाऊ, आतून काडीचाही संबंध नाही.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. लोकांना दिवसभर दात जपा म्हणून सांगायचा आणि माझे दात करकरा वाजवत घरी जायचा. गिअरच्या दांड्यावर हात टेकवून बसायची त्याला सवय. त्या हाताचं ओझं माझ्या आतल्या, गिअर सरकवणाऱ्या काट्यांवर येतं, हे त्या शिकलेल्या माणसाला कधी सुचलं नाही. त्याच्यानंतर आला गस. गस मोटारींच्या क्लबाचा जुना सभासद, गालात कायम तंबाखू. माझ्यातलं तेल गळत होतं, ते त्यानं कधी भरलं नाही. बेअरिंग झिजली आणि मी कण्हायला लागलो.

गंमत बघा. मी कण्हायला लागलो आणि माझी किंमत वाढली. गसचा एक दोस्त गाडीत बसला, कान टवकारले आणि म्हणाला, "गस, लेका, हा खडीफोड्या कुठून पैदा केलास?" गस हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. खिडकीबाहेर थुंकला आणि हसला. या लोकांत तेवढ्यावर सौदे होतात.

आता वेंडेल क्राउसकडे येऊ. बाटल्यांच्या कारखान्यातला फोरमन. त्याच्याकडे एक जुनी दोन दारांची दांडगट गाडी. तीन हिवाळे तो तिच्या इंजिनाच्या मागे होता. सिलिंडर मोठे केले, कार्ब्युरेटर मोठा बसवला, मागे डांबराला चिकटून बसणारे रुंद टायर घातले. इतकं सगळं झाल्यावर गडी पहिल्यांदा क्लच सोडतो, तर जुन्या गिअरबॉक्सचा जागच्या जागी चुरा. तेव्हा वेंडेलला आठवलं की इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये कुणीतरी असतं.

गाडी पळवायची मात्र त्याच्या बायकोनं, मार्लिसनं. ती शाळेची बस चालवते. जुन्या बसगाड्यांचे जड क्लच दाबून दाबून तिच्या डाव्या गुडघ्याची वाट लागली होती. ऑक्टोबर संपता संपता नवा गुडघा बसवायचा ठरलं होतं आणि डॉक्टरनं बजावलं होतं, त्यानंतर असला जड क्लच बंद. त्याच्या आधी मक्याच्या शेतांमधल्या आमच्या धावपट्टीवर मोसमातली शेवटची शर्यत होती. पाव मैल बारा सेकंदांच्या आत काढायचं, स्वतःच्या हातानं गिअर टाकत, एवढंच तिला हवं होतं. बारा आणि वर थोडं, इथवर ती कितीदा आली होती.

"ऑटोमॅटिक बसव, पाय सुटेल," तिचा भाऊ ड्वेन म्हणाला.

"ऑटोमॅटिकच हवं असतं तर शाळेची नवी बस घेऊन आले असते शर्यतीला," मार्लिस म्हणाली. "मला चांगला भक्कम गिअरबॉक्स बघून द्या. दोघं मिळून एवढं एक काम करा."

आधी त्यांनी नवे गिअरबॉक्स विकणाऱ्या एका दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस विचारायला लागला, इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, किती, गाडीचं वजन किती, मागचा अ‍ॅक्सल कुठला, टायर कसले. सगळे बरोबर प्रश्न. टायर घसरले तर आमच्यासारखे वाचतात; टायरनं रस्ता धरला की अख्खा पीळ आमच्या दातांवर येतो, आणि गाडी जड असेल तर जास्तच. वेंडेलनं फोन ठेवला. "बायकोचं वजन विचारायचं तेवढं राहिलं," तो म्हणाला. त्याच्या लेखी ज्याला प्रश्न पडतात त्याला काही कळत नसतं.

मग एका रविवारी जुन्या सुट्या भागांचा बाजार भरला. मार्लिस चर्चच्या जेवणात नूडल्स वाढत होती, म्हणून हे दोन शहाणे एकटेच आले. गसनं दोघांना गाडीत घातलं आणि मला पळवलं. मी जीव तोडून कण्हत होतो. ड्वेननं डोळे मिटले. लोक चर्चमध्ये प्रार्थनेलासुद्धा इतक्या भक्तीनं डोळे मिटत नाहीत.

"ऐकलंस भाऊजी?" तो म्हणाला. "खडी फोडतोय नुसता. असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही."

माझं झाकण मोजक्या बोल्टांवर बसलेलं आहे. पाना लावला असता तर माझे तिरके दात आणि बेअरिंगचा भुगा शाळकरी पोरालाही दिसला असता. पण क्लबातल्या माणसासमोर त्याच्या गिअरबॉक्सचं झाकण उघडायचं नाही, ही यांची रीत. उघडलंत तर त्याला तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं. खोटारडा मला विकून मोकळा झाला, पण त्याचा अपमान काही झाला नाही.

घरी आल्यावर मार्लिसनं विचारलं, "आतून बघितलात का?"

"गसचा माल आहे, मार्लिस. असं बघत नाहीत."

"गस नाही ना इथे. आता बघ."

"चालत्या वस्तूला कशाला छेडायचं?" वेंडेल म्हणाला. ड्वेननं मान डोलावली. मार्लिसनं दोघांकडे बघितलं, पण बसची वेळ झाली होती, म्हणून ती निघाली. तेवढं एक तिचं चुकलं.

मला गाडीला जोडलं. वर ते राक्षसी इंजिन, मागे ते चिकट टायर आणि मध्ये मी. मी रस्त्यावरून गेलो की शेजारी व्हरांड्यात यायचे, हातात बिअर घेऊन कौतुकानं ऐकायचे. आजारी माणसाच्या खोकल्याला कुणी वाहवा म्हटलेलं तुम्ही ऐकलंय का? मी रोज ऐकत होतो. मला त्या सगळ्यांची किळस यायची.

मार्लिसची मात्र मला किळस येईना, हे कबूल करतो. ती दांड्यावर हात टेकवून बसायची नाही. गिअर टाकायचा आणि हात काढून घ्यायचा. दाताला दात नीट लागेपर्यंत थांबायची, जबरदस्ती नाही. इतक्या वर्षांत मला कुणी असं वागवलं नव्हतं. तिच्यासाठी टिकावं असं मला मनापासून वाटायला लागलं, आणि आपण टिकणार नाही हेही मला पक्कं ठाऊक होतं.

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं. लोक पावाच्या दुप्पट आकाराचं तळलेलं डुकराचं मांस खात कठड्याला टेकले होते. दिवे पिवळे झाले, हिरवा लागला आणि मार्लिसनं क्लच सोडला. टायरनी रस्ता धरला. पहिला गिअर मी दात आवळून काढला. दुसराही काढला. शेजारची गाडी मागे पडली. तिनं तिसरा टाकला, नेहमीसारखा, नीट, हलक्या हातानं.

माझे दात गेले. एक गेला, तो पुढच्यांत अडकला आणि सगळी रांग उडाली. कवच तडकलं, तेल धुराच्या तापल्या नळीवर सांडलं, धूर झाला. इंजिन वर नुसतंच बोंबलत राहिलं. तिनं ते बंद केलं आणि आम्ही दोघं घरंगळत रेषेपार गेलो. शेजारची गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. फळ्यावर तिची वेळ लागली, बारा आणि वर बरंच काही.

वेंडेल आणि ड्वेन धावत आले. धूर निवल्यावर मला तिथल्या तिथे खाली उतरवलं. मार्लिस गाडीच्या उघड्या दारात पाय लांब करून बसली. "पाना दे," ती म्हणाली. बोल्ट तिनं स्वतः काढले. झाकण उघडलं. तेलात चांदीसारखा भुगा, तिरक्या दातांचे तुकडे, आणि खिळखिळी बेअरिंग.

"हा खडीफोड्या नाहीच," ड्वेन पुटपुटला. "पण आवाज तर..."

"आवाज," मार्लिस म्हणाली. तिनं माझ्यातला एक दात उचलून तळहातावर घेतला. "हे बिचारं कधीपासून दुखतंय म्हणून ओरडत होतं, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

"हिवाळ्यात दुसरा आणतो," वेंडेल म्हणाला. "झाकण उघडून, नीट बघून आणतो."

"मंगळवारी माझं ऑपरेशन आहे, वेंडेल."

मार्लिस गाडीचं दार धरून उठायला लागली, आणि उठताना कण्हली. वेंडेलनं चमकून तिच्याकडे बघितलं.

"आज ऐकू आलं होय?" ती म्हणाली. "जिना चढताना रोज कण्हते मी. कितीतरी वर्षं. आणि तू क्लबात सांगत फिरतोस, आमची मार्लिस म्हणजे लोखंड आहे."

आता मी भंगारवाल्याच्या आवारात आहे, झाकणाशिवाय. आज ना उद्या वितळेन, आणि माणसांच्या कानांपासून सुटका होईल. तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. मागून काय मिळतं ते मी बघितलंय. फक्त घरात कुणी कण्हत असेल, तर कौतुक करण्याआधी एकदा विचारा, कुठे दुखतंय.